लाजाळूला ऊन चालत नाही

आमच्या पार्लरमध्ये नाजूक कातडीच्या बायकांना आम्ही लाजाळू म्हणतो. तोंडावर नाही, आपसात. लाजाळूच्या झाडाला बोट लागलं की ते मिटतं, या बायकांना बोट लागलं की त्या लाल होतात. जिन्याच्या तळाशी उभं राहून जाऊबाईंनी "अगं, लाजाळू आलीय" अशी हाक मारली, की मी वर गॅस बंद करायचा, हात धुवायचे आणि खाली उतरायचं.

जाऊबाईंचा हात जड आहे. केस कापणं, भुवया कोरणं यात त्यांना तोड नाही, पण चेहरा त्या करपलेलं भांडं घासावं तसा घासतात. एकदा एका बाईला त्यांनी नेहमीचं फेशियल केलं आणि ती आठवडाभर तोंडाला रुमाल बांधून फिरली, वर भेटेल त्याला रुमाल काढून दाखवत राहिली. तेव्हापासून असल्या सगळ्या बायका माझ्या वाट्याला आल्या. "हिचा हात हलका आहे," असं जाऊबाई गिऱ्हाइकांना सांगतात, आणि मनापासून सांगतात. त्या कौतुकानेच मी जास्त अडकले. शिव्या देणारी जाऊ असती तर केव्हाच कडाकडा भांडून निघून गेले असते.

घर वर, पार्लर खाली आणि जिना घराच्या आतून. ज्याने हे बांधलं त्याने मोठीच सोय केली, फक्त कोणाची ते त्याला विचारायला हवं होतं. सकाळी स्वयंपाक वर, मग काम खाली, मग जेवणं वर, पुन्हा काम खाली. किराणा आमचे हे आणतात, भाजी दीर आणतात, पार्लरचं सामान दुकानदार दारात आणून टाकतो. रस्त्यावर पाय ठेवायला कारणच उरत नाही. माझ्या चपला किती वर्षं टिकल्यात ते विचारू नका. मागे एकदा जेवताना मी म्हटलं होतं, की गावाच्या पलीकडच्या टोकाला त्वचेच्या डॉक्टरांकडे मदतनीस हवी आहे, मी जाऊन बघू का? कोणी ओरडलं नाही. सगळ्यांचे घास फक्त हातातल्या हातात थांबले. मग दीर म्हणाले, "घरात काही कमी पडतंय का?" कमी काहीच पडत नव्हतं. मी पाण्याचा तांब्या भरायला उठले आणि विषय तिथेच संपला.

नाजूक कातडीचं काम म्हणजे करण्यापेक्षा न करण्याचं काम. वाफ द्यायची नाही. अक्रोडाचं स्क्रब कपाटातून बाहेरसुद्धा काढायचं नाही. ज्याला वास येतो ते क्रीम बाद, मग तो वास गुलाबाचा असो नाहीतर लिंबाचा. पाणी कोमट, म्हणजे मनगटाला कळूही नये इतकंच. टॉवेलने पुसायचं नाही, ओल्या कापसाने टिपायचं. मालीश करायचीच तर अनामिकेने, कारण त्या बोटाला मुळात जोर नसतो. आणि या सगळ्याच्या आधी चाचणी. जे चेहऱ्याला लावायचं ते डाळीच्या दाण्याएवढं कानामागे लावायचं, बाईला घरी पाठवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं. कानामागे लाल झालं नाही तरच पुढचं काम. बायका कुरकुर करतात. एका फेशियलला दोन हेलपाटे कोणाला हवेत?

एकच बाई अशी होती, की हेलपाट्याचं नाव काढलं की तिचा चेहरा खुलायचा.

ती समोरच्याच रांगेत राहायची, हिरव्या फाटकाच्या घरात. घरात ती, तिची सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. नवरा फिरतीवर, महिन्यातून कधीतरी उगवायचा. कुठलंतरी गोरं करणारं क्रीम लावून पहिल्यांदा आली तेव्हा दोन्ही गाल नुसते भाजल्यासारखे झाले होते. आमच्याकडे लाजाळू पुष्कळ, पण हिचं नावच ते पडलं, कारण बोलण्यातही ती तशीच होती. प्रश्न विचारला की मिटायची.

तिला प्रत्येक गोष्टीची चाचणी हवी असायची. कोरफडीच्या गराची वेगळी, ओट्सच्या लेपाची वेगळी, ग्लिसरीनची वेगळी.

"पाण्याचीही करू का?" एकदा मी वैतागून म्हटलं.

ती पटकन उठून बसली. "करायची असते का? मग उद्या येते ना मी."

माझी थट्टा तिच्या डोक्यावरून गेली होती. की गेली नव्हती, ते मला पुढे कळलं. लेप लावून मी दिवा बारीक केला, की ती म्हणायची, "ताई, तुम्ही दुसरं काम उरका. मी पडते जरा." लेप केव्हाच वाळून जायचा, तरी ही तशीच. झोपलेली नसायची. मी पडद्याच्या फटीतून बघितलंय. दोन्ही हात मोकळे टाकून छताकडे बघत पडलेली असायची, आणि छतात बघण्यासारखं काही नाही, ओल आलेला एक कोपरा सोडला तर.

महिन्या-दीड महिन्यात तिचे गाल असे निवळले, की मलाच बघत राहावंसं वाटलं. मोठा दिवा ओढून घेतला, भिंग धरलं. एक डाग नाही. मला माझ्या कामाचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

"झालं की हो," मी म्हटलं. "आता वर्षातून एकदोनदा आलात तरी पुरे."

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. गाल बरे झाले म्हणून रडवेली झालेली बाई मी त्याआधी बघितली नव्हती.

पुढच्या आठवड्यात बाईसाहेब हजर, आणि दोन्ही गाल पुन्हा लाल. मी हादरले. कोरफड बिघडली, की लेपाचा डबा बदलला? मग भिंग धरलं. लालीच्या कडेला बारीक बारीक ओरखडे होते, सगळे एका दिशेने गेलेले. क्रीमने अशा रेघा उठत नाहीत. अंघोळीच्या खरखरीत टॉवेलने उठतात.

मला असा राग आला, की मी कापूस खाली ठेवला. "माझं काम बिघडवायला काय मिळतं हो तुम्हाला? दीड महिना मी या चेहऱ्याला फुंकर घातल्यासारखा हात लावतेय आणि तुम्ही घरी जाऊन टॉवेलने घासताय?"

ती छताकडे बघत म्हणाली, "बरी झाले तर इकडे यायला मिळणार नाही."

मग हळूहळू बाहेर आलं ते असं. तिचे सासरे रस्ता ओलांडताना गाडीखाली गेले होते. तेव्हापासून सासूबाईंना दाराबाहेरचं सगळं धोक्याचं वाटतं. त्या रागावत नाहीत, बंदी घालत नाहीत. ही चप्पल घालायला लागली की विचारतात, "जायलाच हवं का गं?" परत येईपर्यंत खिडकीत उभ्या राहतात आणि आल्यावर त्यांचा रक्तदाब मोजावा लागतो. मुलीला शाळेत सोडणं आणि आणणं सोडलं, तर हिने हळूहळू सगळंच सोडून दिलं होतं. पार्लर तेवढं राहिलं, कारण ते दवाखान्यात धरलं जात होतं.

"इथे पडले की कोणी मला जपत नाही," ती म्हणाली. "तुम्ही पडदा ओढता आणि निघून जाता. मला फार बरं वाटतं."

मला हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते. "बाई, मी या खोलीतून बाहेर पडायला जीव टाकते, आणि तुम्ही हिच्यात शिरायला गाल सोलून काढता."

तीही हसली, आणि हसताना गाल चुरचुरले म्हणून लगेच थांबली. तिच्यावरचा माझा राग तिथेच गेला. मी तिला बजावलं, की टॉवेलला पुन्हा हात लावायचा नाही. चेहरा बरा ठेवायचं काम माझं आणि तो बरा नाही हे सांगायचं कामही माझंच. तिने फक्त यायचं आणि पडायचं.

त्यानंतर काही आठवडे छान गेले. एका दुपारी तिच्याबरोबर तिच्या सासूबाई आल्या. ठेंगण्या, नीटनेटक्या, मऊ बोलणाऱ्या. सुनेचा हात त्यांनी दारातून आत येईपर्यंत सोडला नाही. खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाल्या, "अहो, मला तर हिचा चेहरा अगदी चांगला दिसतोय. तुमच्या हाताला यश आलं. आता बंद केलं तर चालेल ना?"

लाजाळू माझ्याकडे बघत होती. आणि मी सुटले. असा काही तास घेतला मी, की जाऊबाईसुद्धा गल्ल्यावरून उठून ऐकायला आल्या. म्हटलं, ही कातडी जन्माची अशीच असते. वरून बरी दिसते, तेव्हाच जास्त जपावी लागते. हिला ऊन चालत नाही. धूळ चालत नाही. वारा चालत नाही. चुलीची धग चालत नाही. जरा दुर्लक्ष झालं की पहिल्यापेक्षा वाईट उसळते, मग डॉक्टरलाही आटोपत नाही. दर आठवड्याला उपचार हवा, आणि तो शिकलेल्या हातानेच हवा. बोलताना मला मजा येत होती. कधी नव्हे ते एक माणूस माझ्या शब्दाशब्दाला मान डोलवत होतं.

सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मध्ये दोनतीन प्रश्न विचारले, तेही शहाण्या माणसाचे. सकाळचं ऊनसुद्धा नको का? खिडकीतून येणारं? मी म्हटलं, कुठलंच नको. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही सांगितलंत."

दुसऱ्या दिवशी जाऊबाई जिना चढून वर आल्या. जाऊबाई गुडघ्यांमुळे जेवणाझोपेशिवाय जिना चढत नाहीत, म्हणजे काहीतरी मोठं होतं. "तिच्या सासूबाईंचा फोन होता. एवढ्या उन्हातून, धुळीतून तिला इकडे कशाला आणायचं म्हणतात. तूच दर आठवड्याला घरी जाऊन करशील का, असं विचारत होत्या. मी हो म्हणून टाकलं. तुझं नाव झालंय बघ."

मी कपाळाला हात लावला. पण तो हात कपाळावर असतानाच माझ्या डोक्यात आलं, की म्हणजे मी बाहेर जाणार.

हे सरळच सांगते, आडपडदा ठेवून काय करू? त्या पहिल्या दिवशी सामानाची पिशवी खांद्याला अडकवून पार्लरच्या दारातून मी बाहेर पडले आणि मला इतका आनंद झाला की लाज वाटली. हिरवं फाटक समोरच दिसत होतं. मी त्याच्याकडे न जाता डावीकडे वळले. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या मशीनचा आवाज ऐकला. खिळे-कुलपांच्या दुकानासमोर उगाच थांबले, दुकानदाराने काय हवं विचारलं तेव्हा "काही नाही" म्हटलं, आणि काही नको असताना दुकानासमोर उभं राहता येतं याचंच मला अप्रूप वाटलं. बस थांब्याच्या बाकावर बसले. एक बस आली, ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तो गेला. मग मागच्या गल्लीने वळसा घालून मी फाटकाशी पोहोचले.

आत गेले आणि आनंद कुठल्या कुठे गेला. खोलीला जाड, गडद पडदे लावले होते. दिवसा दिवा जळत होता. लाजाळू पलंगावर पाठ टेकून आधीच तयार पडली होती, केसांना पट्टी बांधून. आणि पलंगाशेजारी खुर्ची टाकून सासूबाई बसल्या होत्या, मांडीवर कापसाचा डबा घेऊन.

"मी मदतीला आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त सांगा."

मदत त्या उत्तम करायच्या. मी मागायच्या आत कापूस ओला करून द्यायच्या, पाणी मनगटावर घेऊन बघायच्या. लेप लावून मी म्हटलं, "आता यांना जरा एकटं पडू दे." त्या म्हणाल्या, "हो हो, आपण आवाज नको करायला," आणि तिथेच बसून राहिल्या. बाकीचंही मला त्यांच्याकडूनच कळलं. नातीला शाळेतून आणायला आता त्या स्वतः जातात, रस्त्याच्या कडेकडेने, जीव मुठीत धरून. भाजी फोनवर मागवतात. ओट्याशी धग असते म्हणून स्वयंपाकालाही सुनेला येऊ देत नाहीत. मी त्या दिवशी जे जे तोंडाने बडबडले होते ते ते त्यांनी एकेक करून अमलात आणलं होतं. इतकं ऐकणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात मिळालं नाही.

सासूबाई दार उघडायला उठल्या तेवढ्यात लाजाळूने ओठ न हलवता म्हटलं, "ताई, सांगून टाका, मी बरी झाले. निदान पोरीला तरी आणायला जाईन."

"सांगते," मी म्हटलं. "आजच्या आज नको, संशय येईल. पुढच्या वेळी सांगते."

पुढच्या वेळी मी बस थांब्यावर जरा जास्त बसले आणि सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या वेळी शब्द अगदी जिभेवर आले होते. मग डोक्यात आलं, की ही बरी झाली तर मी पुन्हा जिन्यावर. मी ओल्या कापसाचा बोळा मागितला आणि सासूबाईंनी तो दिला. लाजाळूने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. ती काही बोलली असती तर मी चिडू तरी शकले असते.

शेवटी माझ्या तोंडून जे निघत नव्हतं ते तिच्या कातडीने सांगितलं. ओट्सचा नवा डबा होता म्हणून मी आदल्या दिवशी कानामागे चाचणी लावून गेले होते. तिला ओट्सने कधीच काही झालं नव्हतं, ते आमचं सगळ्यात बिनधोक काम. दुसऱ्या दिवशी कान पुढे वळवून बघितलं तर मागे लालबुंद चट्टा, आणि त्यावर बारीक पुरळ. मी कोरफड लावून बघितली. तीही झोंबली. नुसत्या पाण्यानेसुद्धा तिने श्वास आत ओढला.

मला तो प्रकार माहीत होता. धडधाकट चेहऱ्याला दर आठवड्याला लेप लावत राहिलं, टिपत राहिलं, बंद खोलीत ठेवलं, तर तो एक दिवस कुठलाच स्पर्श सोसेनासा होतो. तिची कातडी नाजूक नव्हती. ती आम्ही तिघींनी मिळून केली होती, आणि त्यात सगळ्यात शिकलेला हात माझा होता.

मी सामान पिशवीत भरलं. "आजी," मी म्हटलं, "आता हिला काहीही लावायचं नाही. लेप नाही, गर नाही, मालीश नाही. पडदे उघडा. हिला हिंडूफिरू द्या, स्वयंपाक करू द्या, मुलीला आणायला जाऊ द्या. हिला काही झालेलं नव्हतं. ऊन चालत नाही हे मी खोटं सांगितलं होतं."

सासूबाई रागावतील असं वाटलं होतं. त्या माझ्याकडे मायेनेच बघत होत्या. "तुम्ही दमलात," त्या म्हणाल्या. "अशा पेशंटचं करायचं म्हणजे कंटाळा येतो माणसाला. पण तुम्हीच म्हणाला होतात ना, बरी दिसते तेव्हाच जास्त जपायचं? आणि आज तर बरीही दिसत नाहीये. कानामागे बघा कसं झालंय."

"ते सारखं लावून लावून झालंय."

"बरं," त्या जरा विचार करून म्हणाल्या. "मग बघू या की. तुमच्याच पद्धतीने. तुम्ही थोडंसं लावता, थांबता आणि लाल होतं का ते बघता. तसं हिला थोडं ऊन लावू. लाल नाही झाली, तर मी उद्या माझ्या हाताने पडदे काढते. झाली, तर तुम्ही हा विषय पुन्हा काढायचा नाही."

यात कुठे बोट ठेवू? चाचणी माझीच होती. इतके आठवडे अंधारात ठेवलेला चेहरा दुपारच्या उन्हात नेला तर तो लाल होणारच, कोणाचाही होईल, त्यांचा स्वतःचा होईल. पण हे मी म्हटलं असतं तर ते ऊन चालत नाही असंच ऐकू गेलं असतं. माझ्याच शब्दांनी माझी कोंडी झाली होती. मी लाजाळूकडे बघितलं. ती पलंगावरून उठून बसली होती. डोक्याची पट्टी तिने काढून टाकली.

"चला," ती म्हणाली.

दाराबाहेर पायरी होती, पायरीच्या पुढे फाटक आणि फाटकापुढे रस्ता. सासूबाईंनी खुर्ची आणली, पण लाजाळू तिच्यावर बसली नाही, पायरीवरच बसली. दुपारची वेळ, ऊन समोरून येत होतं. तिने चेहरा वर केला आणि डोळे मिटले. मी खाली तिच्या शेजारी उकिडवी बसले, भिंग पिशवीतच राहू दिलं. समोर आमच्या पार्लरची काच दिसत होती. इकडून ती किती लहान दिसते ते मी कधी बघितलं नव्हतं. काचेमागे जाऊबाई कोणाचे तरी केस कापत होत्या.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या मनात कपट नव्हतं, हेही मी सांगायला हवं. त्या खरोखर वाट बघत होत्या, आणि मला वाटतं, तिचा चेहरा लाल होऊ नये असंच त्यांना मनापासून वाटत होतं.

आधी नाकाचा शेंडा लाल झाला. मग गालांचे उंचवटे. मग कपाळ. मी ते रंग रोज बघणारी बाई, मला कोणी सांगायला नको. ही साधी लाली होती, उन्हात खेळून आलेल्या पोराची असते तशी. संध्याकाळी उतरणारी. पण लाल ती लालच.

"बघितलंत?" सासूबाई हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या आत गेल्या आणि कापूस नाही, एक मऊ ओलं फडकं घेऊन आल्या. "ये बाळा, आत ये. पुसून देते."

लाजाळूने डोळे उघडले नाहीत. "नाही," ती म्हणाली.

"अगं, लाल झालीस."

"होऊ दे. मला आग होत नाहीये."

"तुला कळत नाहीये अजून. संध्याकाळी कळेल."

"मग संध्याकाळी कळेल," ती म्हणाली आणि पायरीच्या कडेला पाय सोडून जरा सैल बसली. मुद्दाम उद्धटपणे नाही. अगदी साधं बोलली. सासूबाईंसमोर ती इतकी सलग वाक्यं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. पुढे म्हणाली, "तुम्ही आत व्हा, आई. उन्हाने तुमचंच डोकं दुखेल."

सासूबाई आत गेल्या नाहीत. फडकं हातात धरून त्या उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या, आणि दार त्यांनी उघडं धरून ठेवलं, तिच्यासाठी. माझ्या पिशवीत फोन वाजायला लागला. जाऊबाई. काचेतून त्या मला बघत होत्या, हाताने ये म्हणून खुणावत होत्या. आता त्यांच्याकडे परत जायचं, आणि मीच आता काही लावणार नाही म्हटल्यावर पुढच्या आठवड्यात इकडे यायचं काही कारण उरलेलं नाही, हे मला कळत होतं. फोन वाजून थांबला.

"तुम्ही जाताय का?" लाजाळूने डोळे उघडून विचारलं.

"बसते थोडी," मी म्हटलं आणि उकिडवी होते ती नीट पायरीवर टेकले.

फाटकाला कुलूप नव्हतं. कडी होती, तीही नुसती अडकवलेली, बोटाने निघणारी. आम्ही दोघी त्या कडीकडे बघत होतो. ती काढून पुढे जायचं तर नेमकं कुठे जायचं, हे लाजाळूला सुचत नव्हतं आणि मलाही सुचत नव्हतं. म्हणून आम्ही ऊन असेपर्यंत तिथेच बसून राहिलो.